घोडबंदर रस्त्यावरील मेंदू-नेत्र विभाग : मोजमाप चोख, वेळापत्रक ढिसाळ

कवटीतील दाब वाढण्याच्या आजारावर ठाण्यातच नीट उपचार होतात का, की त्यासाठी परळकडे धाव घ्यावी लागते, असा प्रश्न अलीकडे मला नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांनी विचारला आहे. माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार निघाला. तिचे निदान, तपासण्या आणि पुढचे उपचार घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या मेंदू-नेत्र बाह्यरुग्ण विभागात झाले आणि अजून चालू आहेत, म्हणून त्या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही येणार आहेत आणि त्या एका कुटुंबाच्या अनुभवापुरत्या आहेत.

माझे मत आधीच सांगते. या विभागात मोजमाप उत्तम होते, ते योग्य क्रमाने होते, आणि मोजलेल्या आकड्याचा अर्थ रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितला जातो. या आजारात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. भेटीच्या वेळा, विम्याची कागदपत्रे आणि आहारसल्ला या तीन गोष्टींत मात्र विभाग इतका मागे आहे की दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी मी तेथे पुन्हा गेले असते की नाही, याची शंका वाटते.

बहीण एकोणतीस वर्षांची आहे, कळव्याला राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. डोकेदुखी जुनी होती आणि तिच्या कागदांवर ‘मायग्रेन’ असे लिहिलेले होते. चष्म्याचा नंबरही बदलून पाहिला होता. नवे होते ते असे की रात्री उशीवर डोके टेकले की उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर वारा वाहिल्यासारखा आवाज येई, आणि खाली वाकून पुन्हा सरळ उभे राहिले की काही क्षण दोन्ही डोळ्यांपुढे करडा पडदा उतरे. पडदा लगेच विरत असल्यामुळे तिने तो अशक्तपणाच्या खात्यावर टाकला. नौपाड्यातील एका नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्याचा पडदा पाहिला, दोन्हीकडे नेत्रमज्जेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या) मुखाशी सूज असल्याचे सांगितले आणि चष्म्याची चिठ्ठी न देता त्याच दिवशी या विभागाकडे पाठवले. अशी सूज दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी दिसली, तर कवटीतील दाब वाढल्याची शक्यता धरूनच पुढे जावे लागते.

विभागातील पहिली तपासणी दीर्घ चालली आणि तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण होते. सिस्टरनी आधी रक्तदाब घेतला. आम्हाला तो नुसता सोपस्कार वाटला होता. परंतु अतिशय वाढलेल्या रक्तदाबानेही डोळ्यामागे अशीच सूज येऊ शकते आणि तो निघाला तर उपचारांची सगळी दिशाच बदलते, असे विभागाच्या मेंदू-नेत्रतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी सांगितले. त्यानंतर प्रत्येक डोळ्याची दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, डोळ्यांची हालचाल, दृष्टिक्षेत्र आणि ओसीटी (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचे प्रकाशाने काढलेले चित्र) अशा तपासण्या झाल्या. डोळ्यांची हालचाल पाहण्याचे कारण असे की वाढलेल्या दाबामुळे डोळा बाहेरच्या बाजूस वळवणारा सहावा मज्जातंतू दुबळा होऊ शकतो आणि मग दूरच्या वस्तू दोन-दोन दिसू लागतात. बहिणीला तो त्रास नव्हता.

दृष्टिक्षेत्राच्या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या आजारात रुग्णाची फसवणूक बहुधा येथेच होते. भिंतीवरच्या तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता आली म्हणजे नजर शाबूत आहे, असे आपण मानतो. कवटीतील दाबामुळे होणारी हानी मात्र सहसा कडेपासून सुरू होते : प्रत्येक डोळ्यात मुळातच असलेला अंध बिंदू मोठा होतो, नाकाकडच्या बाजूची नजर आधी झिजते, आणि मधली स्वच्छ नजर बराच काळ टिकून राहिल्यामुळे रुग्णाला काही गमावल्याची जाणीवच होत नाही. घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून, समोरच्या बिंदूवर नजर खिळवून, आजूबाजूला लुकलुकणारा प्रत्येक ठिपका दिसताच बटण दाबायचे, असे या तपासणीचे स्वरूप आहे. ती कंटाळवाणी असते आणि थकलेल्या माणसाकडून चुकीची होते. येथील तंत्रज्ञ मुलाने पहिला निकाल स्वतःच बाद ठरवला, कारण बहिणीची नजर वारंवार बिंदूवरून सरकत होती. त्याने तिला पाणी दिले, थोडा वेळ बसवले आणि तपासणी पुन्हा घेतली, तिचे पैसे पुन्हा लावले नाहीत. घाईच्या ओपीडीत असे करणारा माणूस भेटणे हे भाग्यच म्हणावे लागेल.

औषधांचा इतिहासही कसून विचारला गेला. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल, डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, नुकतेच बंद केलेले स्टेरॉइड, यांपैकी काही घेतले आहे का, हे एकेक नाव उच्चारून विचारले. ही औषधे कवटीतील दाब वाढवू शकतात आणि पुष्कळदा रुग्ण ती सांगतच नाही, कारण त्वचेच्या औषधाचा डोक्याशी काय संबंध, असे त्याला वाटते. हिमोग्लोबिन तपासले गेले. झोपेत घोरणे आणि श्वास अडखळणे याविषयी विचारणा झाली. गर्भनिरोधक गोळ्या, अलीकडचे बाळंतपण, पायात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास, हे प्रश्न वेगळ्या हेतूने होते. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली तरी नेमकी हीच लक्षणे दिसू शकतात आणि त्यावरचा उपचार रक्त पातळ करण्याचा असतो.

वजनाचा विषय निघणार हे आम्हाला ठाऊक होते. दुसरे कारण न सापडता कवटीतील दाब वाढण्याचा हा आजार मुख्यतः प्रजननक्षम वयातील, वजन वाढलेल्या स्त्रियांना होतो, आणि ‘आधी वजन कमी करा’ एवढे एकच वाक्य ऐकून परत आलेल्या बायका या भागात कमी नसतील. येथे डॉक्टर मॅडमनी वजनाचा विषय अगदी शेवटी काढला. आजार तुमच्या आळसामुळे झालेला नाही, परंतु तो कमी करण्याचा एक खात्रीचा मार्ग वजनातून जातो, असे त्या म्हणाल्या. बहीण त्यानंतर प्रथमच खुर्चीत मागे टेकून बसली.

पुढचा क्रम ठरलेला होता आणि तो या विभागाने पाळला. आधी मेंदूचा व त्याच्या शिरांचा एमआरआय करायचा आणि मगच पाठीतून पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढून दाब मोजायचा. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण डोळ्यामागची सूज गाठीमुळे असेल आणि ती न पाहताच खालून पाणी काढले, तर वरचा मेंदू खाली सरकून जिवावर बेतू शकते.

एमआरआयच्या वेळी आम्हाला पहिला खर्चिक धडा मिळाला. दोन महिन्यांपूर्वी डोकेदुखीसाठी दुसऱ्या एका केंद्रात काढलेला साधा एमआरआय आमच्याकडे होता आणि त्याच्या अहवालात सर्व काही सामान्य असल्याचे लिहिले होते. विभागातील रेडिऑलॉजिस्टनी त्याच चित्रांवर आम्हाला दाखवले की पिट्युटरी ग्रंथीची खोबण जवळजवळ रिकामी दिसत आहे, नेत्रगोलांची मागची बाजू चपटी झाली आहे आणि नेत्रमज्जेभोवतीच्या आवरणात पाणी साचून ते रुंदावले आहे. ही सगळी दीर्घकाळ वाढलेल्या दाबाची चिन्हे आहेत. मात्र तपासणीच्या चिठ्ठीवर केवळ ‘डोकेदुखी’ लिहिलेले असले, तर ती सहज नजरेआड होतात. शिरांची चित्रे मात्र त्या एमआरआयमध्ये नव्हतीच. त्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागली आणि खर्च पाच आकड्यांत गेला. एवढ्या खर्चानंतर, चित्रासाठी औषध टोचायची गरज काय, हा आमच्या मनात उरलेला प्रश्न रेडिऑलॉजिस्टनी न विचारताच सोडवला. शिरांचा एमआरआय औषध न टोचताही काढता येतो, पण त्या पद्धतीत रक्ताचा वेग मंदावलेल्या जागी शीर तुटल्यासारखी दिसू शकते. शिवाय डावीकडची आडवी शीर पुष्कळ माणसांत जन्मतःच बारीक असते. म्हणून काँट्रास्ट औषध टोचून काढलेले चित्र अधिक भरवशाचे ठरते. औषध टोचण्याआधी त्यांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, अहवाल मागितला आणि गर्भधारणा नसल्याची खात्री करून घेतली.

अहवालात लिहिले होते की मेंदूत गाठ नाही, शिरांत गुठळी नाही, आणि दोन्ही बाजूंच्या ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये अरुंदपणा आहे. हा सायनस म्हणजे वर आलेली आडवी शीर, मेंदूच्या मागच्या बाजूने कानाच्या दिशेने जाणारी मोठी शीर. नाकाच्या सायनसशी तिचा काही संबंध नाही. ‘अरुंदपणा’ वाचून घरात रडारड झाली. हृदयाच्या धमन्यांच्या बाबतीत अरुंदपणा म्हणजे अँजिओप्लास्टी, एवढेच समीकरण आपल्या कानांना सवयीचे आहे, आणि आमच्या मामांनी तर स्टेंटसाठी (शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीसाठी) चौकशीही सुरू केली.

या टप्प्यावर विभागाने जे केले, त्यासाठी मी त्यांना सर्वाधिक गुण देईन. डॉक्टर मॅडमनी बहिणीला, मला आणि मामांना एकत्र बसवून कागदावर आकृती काढली. कवटी हाडाची आणि बंद असल्यामुळे तिच्यात मेंदू, रक्त आणि पाणी या तिघांना मिळून ठरावीकच जागा असते. एकाचे प्रमाण वाढले आणि दुसऱ्यांचे त्या मानाने कमी झाले नाही, तर दाब चढतो. मेंदूभोवतीचे पाणी कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलीलिटर असते, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलीलिटर नवे तयार होते, म्हणजेच तितकेच रोज शोषले जायला हवे. ते बऱ्याच अंशी मध्यरेषेवरच्या मोठ्या शिरेत शोषले जाते, तेथून डाव्या-उजव्या आडव्या शिरांत आणि पुढे मानेतून हृदयाकडे जाते. आडवी शीर अरुंद झाली, तर तिच्या मागे रक्ताचा दाब वाढतो आणि पाण्याचा निचरा मंदावतो. मामांना हे तत्काळ पटले, कारण त्यांच्या स्टेंटच्या आग्रहाला त्यातून बळच मिळत होते.

त्यानंतर मॅडमनी चित्राची दुसरी बाजू सांगितली. ही आडवी शीर मऊ रबरी नळीसारखी आहे. भोवतालचा दाब वाढला की ती बाहेरून दाबली जाऊन चपटी होते. म्हणजे अरुंद शिरेमुळे दाब वाढला, की वाढलेल्या दाबाने शीर अरुंद झाली, हे केवळ चित्रावरून सांगता येत नाही. यावर प्रत्यक्ष पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या मेंदूच्या शिरांतील दाब मोजत असतानाच मानेतून मेंदूभोवतीचे पाणी काढले, आणि पाणी कमी होताच शिरांतील चढलेला दाब उतरला. दुसऱ्या बाजूला, टोरांटोच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की या आजाराच्या २९ रुग्णांपैकी २७ जणांच्या दोन्ही आडव्या शिरा लक्षणीय अरुंद होत्या, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ५९ जणांपैकी फक्त ४ जणांमध्ये तसे आढळले. अरुंदपणा आजाराच्या सोबत जवळजवळ नेहमी असतो. तो कारण आहे की परिणाम, हे रुग्णागणिक वेगळे असू शकते, आणि दोन्ही एकमेकांना वाढवत नेणारे चक्रही होऊ शकते.

मामांचा प्रश्न तरीही कायम होता : मग स्टेंट घालून हे चक्र तोडायचे का नाही? उत्तरासाठी मॅडमनी त्यांच्या रुग्णालयातील इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिऑलॉजिस्टशी भेट घडवून दिली. स्टेंट घालणे हा ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्याच डॉक्टरांनी स्टेंट इतक्यात नको असे सांगितले, हे येथे नोंदवायला हवे. आडव्या शिरेत स्टेंट बसवण्याचा पहिला प्रयोग इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि आता हा उपचार जगभर होतो, पण त्यासाठी अटी आहेत. आधी मांडीच्या शिरेतून नळी मेंदूच्या शिरांपर्यंत नेऊन अरुंद जागेच्या अलीकडचा व पलीकडचा दाब प्रत्यक्ष मोजतात. त्यांच्यातील फरक पुरेसा असेल, बहुतेक ठिकाणी ही मर्यादा ८ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास धरतात, तरच स्टेंटचा विचार होतो. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधे काही महिने एकत्र घ्यावी लागतात, आणि ज्या तरुण स्त्रीला नजीकच्या काळात मूल हवे आहे, तिच्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे. काही रुग्णांत स्टेंटच्या लगतच नवा अरुंदपणा तयार होतो. नजर वेगाने उतरत असेल, औषधे लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील, तर स्टेंटचा पर्याय समोर येतो. नुसत्या एमआरआयच्या अहवालावरून नव्हे. मामा हे ऐकून गप्प झाले, हा आमच्या घराण्यातला दुर्मीळ प्रसंग आहे.

पाठीतून पाणी काढण्याच्या प्रक्रियेची भीती बहिणीला सर्वांत जास्त होती. ती डे-केअरमध्ये झाली. कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या मणक्यांमधून सुई घातली. दाब मोजण्याआधी पाय हळूहळू सरळ करायला लावले आणि श्वास सैल सोडायला सांगितला, कारण अंग आखडलेले असले किंवा श्वास रोखलेला असला की आकडा खोटा चढतो. प्रौढांमध्ये २५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब ही निदानाची सीमा मानली जाते. बहिणीचा आकडा ३४ निघाला. पाणी नितळ होते, त्यातील पेशी, प्रथिने आणि साखर यांचे अहवाल सामान्य आले, आणि निदान पक्के झाले. त्या दिवशी संध्याकाळी तिचे डोके हलके झाले, पण दुसऱ्या दिवशी उभे राहिले की दुखे आणि आडवे झाले की थांबे, अशी वेगळीच डोकेदुखी सुरू झाली. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्याने ती होते आणि बहुधा आपोआप जाते. याची पूर्वकल्पना आम्हाला दिलेली होती, म्हणून घाबरगुंडी उडाली नाही. संमतीपत्र मात्र केवळ इंग्रजीत होते. ठाण्यातील रुग्णालयात, जेथे शेजारच्या खाटेवरच्या आजी अंगठा उठवत होत्या, तेथे मराठी संमतीपत्र नसावे याला काय म्हणावे!

औषध म्हणून ॲसिटाझोलामाइड सुरू झाले. मेंदूतले पाणी तयार होण्याचा वेग ते कमी करते. गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत, मात्र सगळ्या दुकानांत पुरेशा मिळत नाहीत. राम मारुती रस्त्यावरच्या औषधविक्रेत्याकडे आधी सांगून ठेवावे लागते. अमेरिकेतील १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दृष्टिक्षेत्राची हानी सौम्य असलेल्या रुग्णांना वजन कमी करण्याच्या आहारासोबत ही गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांनी त्यांचे दृष्टिक्षेत्र नुसत्या आहारापेक्षा अधिक सुधारले होते. त्या चाचणीत मात्रा दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत वाढवली होती. प्रत्यक्षात तेवढी सगळ्यांना सोसत नाही. मात्रा हळूहळू वाढवण्याची पद्धत विभागाने पाळली. बोटांना मुंग्या येणे, थकवा येणे आणि सोड्याची चव बिघडणे, हे तिन्ही परिणाम बहिणीला जाणवले. पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तपासण्यासाठी वेळोवेळी रक्त घेतले जाते. मुतखड्याचा धोका वाढत असल्यामुळे भरपूर पाणी पिण्याची ताकीद दिली आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार आणि गर्भधारणेचा विचार, हे गोळी सुरू करण्याआधीच विचारले गेले.

आहारसल्ला हा या विभागाचा सर्वांत दुबळा दुवा आहे. आहारतज्ज्ञांनी हातात ठेवलेला छापील कागद ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली आणि क्विनोआ यांनी भरलेला होता. सकाळी साडेसातची ठाणे-वाशी लोकल पकडणाऱ्या, डब्यात पोळी-भाजी नेणाऱ्या मुलीने त्यातले काय करायचे? ज्वारीच्या भाकरीचे प्रमाण किती, साबुदाण्याच्या खिचडीच्या उपासाचे काय करायचे, ऑफिसमधल्या चारच्या वड्याला पर्याय कोणता, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या कागदात उत्तर नव्हते. वजनाने या आजारात खरोखर फरक पडतो. ब्रिटनमध्ये ६६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या गटाचा कवटीतील दाब वर्षभराने आहार-व्यायामाच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होता. बहिणीचे वजन शस्त्रक्रियेच्या निकषात बसत नाही, तिला रोजच्या ताटातूनच मार्ग काढायचा आहे. अखेर डॉक्टर मॅडमनी स्वतः कागदाच्या मागच्या बाजूला भाकरी, उसळ, ताक आणि कोशिंबीर यांचा साधा आराखडा लिहून दिला. तो चालला, परंतु ते त्यांचे काम नव्हते.

भेटींच्या वेळांविषयी चांगले लिहिण्यासारखे फारसे काही नाही. मेंदू-नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकच दिवस बसतात. दिलेली वेळ आणि प्रत्यक्ष नंबर यांत अनेक तासांचे अंतर पडते, आणि बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब नंबर येण्याच्या कितीतरी आधी घातले जात असल्यामुळे रुग्ण धूसर नजरेने थंडगार खोलीत डोळे मिटून बसून राहतो. त्यातच कापूरबावडीपासून पुढे मेट्रोच्या कामामुळे रिक्षा मुंगीच्या पावलाने सरकते. थेंबांचा परिणाम काही तास टिकतो, म्हणून सोबतीला माणूस हवाच. एकट्याने परतणे, विशेषतः दुचाकीवर, धोक्याचे आहे. टोकनची व्यवस्था मोबाइलवर आणली आहे खरी, पण तो पडदा वाचणार कोण, हा विचार नेत्रविभागात तरी व्हायला हवा होता.

विम्याच्या खिडकीवर वेगळीच अडचण निघाली. पाठीतून पाणी काढण्याच्या दिवसाची रोकडरहित मंजुरी आधी नाकारली गेली, कारण अर्जात निदानाच्या जागी फक्त ‘डोकेदुखी, तपासणीसाठी’ असे लिहिले होते. विभागाच्या समन्वयक बाईंनी नेत्रमज्जेची सूज आणि दृष्टीला असलेला धोका यांचा उल्लेख करणारे पत्र जोडल्यावर मंजुरी मिळाली. हे पत्र पहिल्याच दिवशी जोडता आले असते. तेथे जाणाऱ्यांनी ते आधीच मागून घ्यावे.

आणीबाणीची सोय मात्र विभागाने गांभीर्याने केली आहे. या आजारात क्वचित नजर काही दिवसांत झपाट्याने उतरते, आणि तेव्हा नेत्रमज्जेच्या आवरणाला छेद देण्याची किंवा पाणी पोटाकडे वळवणारी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. त्यामुळे पडदा उतरण्याचे प्रमाण वाढले, नजरेचा एखादा भाग कायमचा काळवंडला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता कोणाला फोन करायचा, हे फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिलेले आहे. एका रविवारी रात्री बहिणीला तशी शंका आली तेव्हा फोन उचलला गेला, आपत्कालीन विभागात तिचे डोळे त्याच रात्री पाहिले गेले आणि सूज वाढलेली नाही हे कळल्यावर तिला घरी पाठवले.

सध्या तिची गोळी चालू आहे. दोन्ही डोळ्यांची सूज बरीच ओसरली असून ओसीटीच्या आलेखावर ती उतरताना दिसते, कानातला आवाज अधूनमधून येतो, आणि दृष्टिक्षेत्रातील नाकाकडचा काळा भाग डाव्या डोळ्यात थोडा उरला आहे. तो कायम राहू शकतो, असे मॅडमनी स्पष्टपणे सांगितले आहे. शिरांचा एमआरआय पुन्हा करण्याची आमची मागणी त्यांनी तूर्त फेटाळली, कारण नजर आणि सूज सुधारत असताना शीर चित्रात कशी दिसते यावर उपचार बदलणार नाहीत.

या विभागात जाऊ इच्छिणाऱ्यांनी जुन्या एमआरआयचा केवळ अहवाल नेऊ नये. चित्रांची सीडी किंवा लिंक न्यावी, आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची, त्वचेच्या औषधांसकट, यादी करून ठेवावी. दृष्टिक्षेत्र तपासणीची वेळ सकाळची मागावी. दुपारी तीननंतर तोच शांत तंत्रज्ञ नसतो आणि बाहेरची गर्दीही आवरत नाही.